अण्णा, त्या घुमटात एकही सळई नाही

ती. अण्णांस,


पॅरिसचे आणि स्वित्झर्लंडचे फोटो तुम्ही ग्रुपवर पाहिलेतच. रोमबद्दल मात्र मी फोनवर मुद्दाम फारसं बोलले नाही. ते तुम्हाला सावकाश लिहून कळवायचं हे तिथे असतानाच ठरवलं होतं. गुडघ्यांमुळे तुम्ही आला नाहीत, पण पँथिऑन ही तिथली जुन्या देवळाची वास्तू आपल्या घरात कुणाला नीट कळली असती तर ती तुम्हालाच. थापी आणि ओळंबा हातात धरून उभं आयुष्य काढलेला माणूस तिथे काय काय बघेल, याचाच विचार करत मी फिरत होते. तुमच्यासारखी बांधकामावर राबलेली आणखीही माणसं हे वाचतील, म्हणून पत्र छापायलाही देते आहे.

तर घुमटापासून सुरुवात करते. आतून त्याचा व्यास ४३ मीटरहून थोडा जास्त. जमिनीपासून वरच्या उघड्या झरोक्यापर्यंतची उंचीही तेवढीच, म्हणजे त्याच मापाचा पूर्ण गोल आत नेमका बसेल. सम्राट हेड्रियनच्या काळात, इ.स. १२५ च्या सुमारास हे काम पुरं झालं. सगळा घुमट काँक्रीटचा आहे आणि त्यात लोखंडाची एक सळई नाही. सळईशिवाय याहून मोठा काँक्रीटचा घुमट जगात आजवर कुणी उभा केलेला नाही, आणि हा जवळजवळ १९०० वर्षं उभा आहे.

तुमचा पहिला प्रश्न मला माहीत आहे: माल कसला? चुना आणि ज्वालामुखीची राख. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात विट्रुव्हियस नावाच्या रोमन वास्तुकाराने बांधकामावर ग्रंथ लिहिला. त्यात एक भाग चुन्याला तीन भाग राख असं प्रमाण दिलं आहे. नेपल्सजवळ पोझ्झुओली नावाचं गाव आहे, तिथल्या राखेची तो तारीफ करतो. रोम शहरातल्या कामांना मात्र जवळपासच्याच जुन्या ज्वालामुखींची राख खणून आणत. नुसता चुना हवेवर हळूहळू वाळतो. राख मिसळलेला चुना पाण्याशी धरतो आणि पाण्याखालीसुद्धा घट्ट होतो. आजोबा चुन्याच्या घाणीत विटांची सुरखी घालायचे तीही याचसाठी. तुमच्या पीपीसी सिमेंटच्या पोत्यावर पोझोलाना असं छापलेलं असतं, त्याचं मूळ हेच. फरक इतकाच की तिथे ज्वालामुखीची राख होती आणि आपल्याकडे औष्णिक वीजकेंद्राची फ्लाय ॲश असते.

हा माल ते आपल्यासारखा ओतत नसत. मुठीएवढे किंवा त्याहून मोठे दगडांचे, विटांचे तुकडे थराने मांडायचे, त्यावर घट्ट चुनामाल पसरायचा, ठोकून बसवायचा आणि मग वरचा थर घ्यायचा. जुन्या रोममध्ये जिथे भिंतीचा बाहेरचा विटांचा पापुद्रा निघालाय तिथे हे थर उघडे पडलेत. मी एका ठिकाणी अगदी जवळ जाऊन पाहिलं. लालसर-करडा माल, त्यात विटांचे तुकडे आडवे निजवलेले, मध्ये मध्ये चुन्याचे पांढरे खडे. इतकी वर्षं लोक या खड्यांना कामचुकारपणा समजत होते, चुना नीट मळला नाही म्हणून राहिलेले. २०२३ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी एका रोमन भिंतीच्या नमुन्यांवरून वेगळंच मांडलं. चुना आधी न विरवता तसाच मालात मिसळला की असे खडे राहतात. पुढे भेग पडून पाणी शिरलं, की त्यातला चुना विरघळतो, भेगेत जाऊन पुन्हा जमतो आणि ती भरून काढतो. अण्णा, ज्या गवंड्यांनी तो माल मळला त्यांना भेग आतून कशी भरते ते दिसत नव्हतं. पण अशा मालाची भिंत टिकते, हे त्यांना बापजाद्यांपासून ठाऊक असणार. शाळेत न जाता आलेली ही जाण मी घरात पाहिलेली आहे, म्हणून मला त्याचं नवल कमी आणि अभिमान जास्त वाटला.

आता खरी गंमत मालात नाही, खडीत आहे. पायात त्यांनी ट्रॅव्हर्टाईन नावाचा जड चुनखडीचा दगड घातला. भिंत वर जाईल तसा टुफा हा हलका ज्वालामुखीचा दगड, मग विटांचे तुकडे, आणि घुमटाच्या अगदी वरच्या भागात टुफ्याबरोबर प्युमिस. प्युमिस म्हणजे टाच घासायला वापरतात तो भोकाभोकांचा दगड, पाण्यावर तरंगतो तो. वर जाल तसं वजन कमी कमी करत नेलंय. जाडीही तशीच: तळाशी सुमारे ६ मीटर आणि झरोक्यापाशी सव्वा-दीड मीटर. आतल्या बाजूला चौकोनी खण पाडलेत, एका ओळीत २८ आणि अशा ५ ओळी. त्याने शोभा आली आणि मालही वाचला. आणि जिथे सगळ्यात जास्त धोका, त्या माथ्यावर त्यांनी काहीच ठेवलं नाही. तिथे सुमारे ९ मीटरचा झरोका आहे. त्याला काच नाही, जाळी नाही, झाकण नाही.

तुम्ही स्लॅबवर माल चढवताना ओरडायचात, बाल्कनीच्या टोकाला ढीग करू नका, मागं ओढा. तीच अक्कल इथे ४३ मीटरवर चालवलेली आहे. गाईड लोक आत आल्या आल्या सूर्याच्या किरणांविषयी आणि देवांविषयी बोलतात. तेही खरं आहे, किरण फार देखणा पडतो. पण मला वाटतं, त्या इमारतीत ऐकण्यासारखी पहिली गोष्ट वजनाची आहे. ती एकदा समजली की मान वर करून बघताना माणूस नुसता थक्क होत नाही, त्याला पटत जातं.

मी आत असताना पावसाची सर आली. झरोक्यातून पाणी सरळ खाली, फरशीच्या मधोमध. लोक कडेला सरले, मध्ये दोरी होतीच. मी फरशीकडे बघत राहिले. फरशी मध्ये किंचित फुगीर आहे आणि दगडांत लहान लहान भोकं आहेत, एकूण २२. पाणी पसरलं, वळलं आणि त्या भोकांतून निघून गेलं. फरशी बसवून झाली की तुम्ही बादलीभर पाणी ओतून ढाळ बघायचात आणि कुठे साचलं तर ती फरशी उखडायला लावायचात. तिथे साचत नव्हतं.

भेगांबद्दलही सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल मी नुसतं कौतुक करतेय. घुमटाच्या खालच्या भागात उभ्या भेगा आहेत, खाली रुंद आणि वर जाताना निमुळत्या होत संपणाऱ्या. घुमट खालच्या कडेला बाहेर फाकायला बघतो आणि काँक्रीटला ताण सोसत नाही, हे तुम्हाला मी काय सांगायचं. इंजिनियर लोकांनी हिशेब मांडून दाखवलंय, की भेगा पडल्यावर हा घुमट कडेने उभ्या केलेल्या कमानींच्या वर्तुळासारखा काम करतो. त्या कमानी वर एकमेकींना रेटून धरतात. बाहेरून पाहिलं तर घुमटाच्या खालच्या भागावर पायऱ्यांसारखी कडी चढवलेली दिसतात. त्यांचं वजन कमानींचे पाय दाबून ठेवतं. खाली सुमारे ६ मीटर जाडीची भिंत आहे. पडायला जागाच ठेवलेली नाही.

दर्शनी भागात दगडी खांब १६. पुढच्या ओळीतले करडे ग्रॅनाईटचे, इजिप्तच्या पूर्वेकडच्या वाळवंटातल्या खाणीतून आणलेले. प्रत्येक खांब अखंड, सुमारे १२ मीटर उंच आणि ६० टनांच्या आसपास वजनाचा. वाळवंटातून नाईल नदीपर्यंत ओढत, मग नदीतून, मग समुद्रातून, मग टायबर नदीतून वर. मी एकाला हात लावला. थंड आणि गुळगुळीत, पण कमरेच्या उंचीला खडबडीत टवके उडालेले. समोर तोंड करून उभं राहिलं की डाव्या टोकाचे तीन खांब सतराव्या शतकात बदललेले आहेत. जवळून पाहिल्यावर रंगाचा फरक कळतो.

वर मोठ्या अक्षरांत मार्कुस अग्रिप्पाचं नाव आहे, त्याने हे बांधलं म्हणून. त्याने बांधलेली मूळ इमारत इ.स. ८० च्या आगीत गेली, दुरुस्त केलेली पुन्हा ११० साली वीज पडून जळाली. हेड्रियनने नवी इमारत उभी केली आणि नाव जुन्याचंच ठेवलं. ही नवी आहे हे कशावरून कळलं? विटांवरून. १८९२ साली जॉर्ज शेदान या फ्रेंच वास्तुकाराने भिंतीतल्या विटांवरचे शिक्के पाहिले, आणि ते हेड्रियनच्या काळाच्या आसपासचे निघाले. आपल्याकडे भट्टीवाला विटेवर नावाची अक्षरं उठवतो, तसंच तिथेही उठवायचे. दर्शनी पाटीवरून शेकडो वर्षं समजूत वेगळी होती, आणि खरं काय ते भिंतीच्या पोटातल्या विटेने सांगितलं.

हे एवढं सगळं टिकलं ते मात्र केवळ मालामुळे नाही. याच ठिकाणी माझं म्हणणं तुमच्यापुढे ठेवायचंय. रोममध्ये याच मालाच्या, याच तोडीच्या इमारती भुईसपाट झालेल्या आहेत. पँथिऑन वाचलं, कारण ते कधी रिकामं पडलं नाही. इ.स. ६०९ मध्ये बायझंटाईन सम्राट फोकासने ते पोपला देऊन टाकलं आणि जुन्या देवांच्या देवळाचं चर्च झालं. त्यानंतर आजपर्यंत तिथे कुणी ना कुणी झाडू मारतोय, दरवाजा बंद करतोय, गळती दिसली तर माणूस वर चढवतोय. लूट झालीच. ६६३ साली दुसऱ्या एका सम्राटाने छतावरचे सोनेरी मुलाम्याचे ब्राँझचे पत्रे उचलून नेले. १६२५ च्या सुमारास पोप आठव्या अर्बनने दर्शनी मंडपाच्या छतातलं ब्राँझ तोफा ओतायला काढलं. पण भिंतीला कुणी हात लावला नाही, कारण आत प्रार्थना चालू होती. चित्रकार राफाएल तिथे पुरलेला आहे, इटलीचे दोन राजेही तिथेच आहेत. दर वर्षी पेंटेकॉस्टच्या सणाला अग्निशमन दलाचे जवान घुमटावर चढतात आणि झरोक्यातून लाल गुलाबाच्या पाकळ्या खाली सोडतात. २०२३ पासून पर्यटकांना तिकीट लागतं. मला ते योग्य वाटलं. एवढ्या वास्तूची देखभाल फुकट होत नाही.

याच्या उलट गोष्ट कोलोसियमची. व्हेस्पेशियन सम्राटाने नीरोच्या राजवाड्यातलं तळं बुजवून त्या जागी ते बांधायला घेतलं आणि त्याचा मुलगा टायटसने ८० साली उद्घाटन केलं. १८९ मीटर लांब, १५६ मीटर रुंद. येणाऱ्या हजारो लोकांची गर्दी होऊ नये म्हणून कमानींना आकडे होते. उत्तरेच्या बाजूला २३ ते ५४ हे आकडे रोमन अंकांत आजही दगडावर वाचता येतात. पण तिथे जे चालायचं ते, माणसं आणि जनावरं मरताना बघायचं, ते वाचताना माझं मन रमलं नाही. त्यावर जास्त लिहीत नाही. खेळ बंद पडले आणि इमारत कुणाच्या कामाची उरली नाही. १३४९ च्या भूकंपात दक्षिणेकडची बाजू बरीचशी कोसळली आणि मग ती दगडाची खाणच झाली. शहरात जो राजवाडा, जे चर्च बांधायचं निघेल त्याला दगड इथून. आज भिंतीभर हाताच्या पंजाएवढी भोकं दिसतात, ती तोफगोळ्यांची असावीत असं आमच्यातल्या एकांना वाटलं. ती लोखंडाच्या आकड्यांची आहेत. ट्रॅव्हर्टाईनचे दगड चुना न वापरता बसवले होते आणि एकमेकांना लोखंडी आकड्यांनी शिशाने जखडले होते. मध्ययुगात लोखंड महाग, म्हणून लोकांनी दगड पोखरून आकडे काढून नेले. आकडे गेले तरी भिंत उभी आहे. दगड दगडावर नीट बसला असला की काय होतं, ते तिथे बघावं.

१७४९ मध्ये पोप चौदाव्या बेनेडिक्टने तिथे ख्रिस्ती हुतात्म्यांचं रक्त सांडलं असं म्हणून ती जागा पवित्र जाहीर केली आणि दगड नेणं थांबलं. पुन्हा तेच बघा. जागेला काही काम मिळालं, अर्थ मिळाला, तेव्हाच ती वाचली.

अण्णा, कोलोसियमचा फोटो सगळे पश्चिमेकडून किंवा मेट्रो स्टेशनच्या बाजूने काढतात. तुम्ही असता तर मी तुम्हाला पूर्वेच्या टोकाला नेलं असतं. तिथे बाहेरची उंच भिंत एकदम संपते आणि तिला तिरका विटांचा प्रचंड टेका दिलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला भूकंपाने ते टोक सुटायला लागलं होतं. कमानी फाकल्या, डोक्यावरचे मधले दगड खाली घसरायला लागले. राफाएले स्टर्न या वास्तुकाराकडे काम आलं. त्याच्यापुढे दोन वाटा होत्या, सैल झालेलं सगळं उतरवून टाकायचं, नाहीतर आहे तसं धरायचं. त्याने १८०७ पर्यंत विटांचा टेका उभा केला आणि फाकलेल्या कमानी आहेत त्याच स्थितीत विटांनी भरून टाकल्या. ते आजही दिसतं. कमानीच्या माथ्यावरचा दगड अर्धवट खाली सरकलेला आहे, बाजूचे दोन तिरके झालेत, आणि तिघांच्या मधल्या फटीत पातळ विटा बसवलेल्या आहेत. २०० वर्षं ते दगड पडण्याच्या बेतात आहेत आणि पडत नाहीत. मी तिथे बराच वेळ उभी होते. मला वाटतं, अख्ख्या रोममधलं सगळ्यात हिमतीचं काम तेच आहे. नवं बांधायला कसब लागतं, पण पडत्या भिंतीखाली परांची बांधून वीट लावायला जीव घट्ट लागतो. त्या गवंड्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. पंचगंगेच्या पुरानंतर वाड्याची कललेली भिंत तुम्ही बल्ल्या लावून धरली होतीत आणि आई दारात जीव मुठीत धरून बसली होती, ते मला तिथे आठवलं.

पुढे फोरममध्ये, म्हणजे जुन्या रोमच्या मुख्य चौकात, टायटसची कमान आहे. ती मध्ययुगात एका सरदार घराण्याच्या गढीत चिणली गेली होती. १८२० च्या सुमारास ती मोकळी केली तेव्हा दोन्ही कडा गेलेल्या होत्या. स्टर्ननेच काम सुरू केलं आणि त्याच्या मृत्यूनंतर ज्युझेप्पे व्हालादिएने ते पुरं केलं. मूळ काम संगमरवराचं, पण नवा भाग त्यांनी मुद्दाम ट्रॅव्हर्टाईनचा केला आणि त्यावर नक्षी उठवली नाही, म्हणजे जुनं कुठलं आणि नवं कुठलं हे कुणालाही कळावं. आपल्याकडे जुन्या देवळांना ऑइलपेंट फासतात, गिलावा मारून दगड झाकतात, तेव्हा तुमची जी चिडचिड होते ती अगदी योग्य आहे हे मला तिथे पुरतं पटलं. जोड दिसायला हवा.

फोरमचीच आणखी एक गोष्ट. तिथे अँटोनिनस आणि फाउस्टिना यांचं देऊळ आहे, सुरुवात इ.स. १४१ ची. त्याचंही चर्च झालं. समोर रोमन खांब आणि त्यांच्या मागे सतराव्या शतकातलं चर्चचं तोंड. चर्चचं हिरवं दार हवेत लटकतंय, जमिनीपासून कितीतरी वर. दार बसवलं तेव्हा जमीन त्या उंचीला होती. शेकडो वर्षांच्या गाळाने, ढिगाऱ्यांनी फोरम इतका भरला होता की लोक तिथे गुरं चारायचे. उत्खनन झालं, माती गेली आणि दार वर राहिलं. आणि त्या खांबांच्या माथ्याजवळ तिरक्या खाचा आहेत. दगडासाठी खांब पाडायला लोकांनी दोर बांधून ओढले त्याच्या या खाचा, असं सांगतात. खांब मात्र हलले नाहीत. थोडं पुढे एक एकटा खांब आहे, फोकासचा, ६०८ सालचा. ज्याने पँथिऑन देऊन टाकलं तोच हा सम्राट. फोरममध्ये उभारलेलं ते शेवटचं स्मारक.

तिथून जवळच मॅक्सेन्टियसच्या बॅसिलिकाच्या तीन अजस्र कमानी उरल्यात. त्यांच्याखाली, त्या बांधायच्या आधी, डोमिशियन सम्राटाने बांधलेली मसाल्यांची कोठारं होती. त्यात मुख्य माल मिरी. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून गेलेली मिरी. प्लिनी नावाच्या रोमन लेखकाने तक्रार केलीय की दर वर्षी ५ कोटी सेस्टर्स हिंदुस्थानात जातात. तो पैसा आणि माल कुठवर आला, त्याची खूण तुम्ही मला लहानपणी दाखवली होतीत. आपल्या टाउन हॉलच्या संग्रहालयातली पोसायडन या समुद्रदेवाची ब्राँझची छोटी मूर्ती, ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४० च्या दशकात सापडलेली. रोमन जगातून निघून ती पंचगंगेच्या काठी आली. मिरीच्या कोठारांच्या जागेवर उभी राहिले तेव्हा रोम मला परकं वाटेनासं झालं. ज्या शतकांत तिकडे हे घुमट उभे राहत होते त्याच शतकांत इकडे कार्ल्याची लेणी कोरली जात होती आणि त्यांना दान देणाऱ्यांत यवन म्हणजे ग्रीकही होते, खांबांवर तसं लिहिलेलं आहे.

शेवटचं एक ठिकाण, जे सहसा सहलींच्या यादीत नसतं. कोलोसियमपासून थोडं चाललं की सान क्लेमेंते नावाचं चर्च लागतं. वरचं चर्च बाराव्या शतकाच्या सुरुवातीचं. जिना उतरलं की खाली चौथ्या शतकातलं चर्च. नवं बांधताना जुनं राडारोडा भरून बुजवलं आणि त्याच्याच भिंतींवर नव्याचा भार टाकला. आणखी एक जिना उतरलं की पहिल्या शतकातल्या इमारती, अरुंद गल्ली, आणि मिथ्र देवाची कमी उंचीची, ओल्या वासाची खोली. १८५७ मध्ये तिथल्या आयरिश पाद्र्याने, जोसेफ मुलूली यांनी, खोदायला घेतलं तेव्हा ही खालची जगं वर आली. तळाला अंधारात पाण्याचा आवाज येतो. भिंतीपलीकडून रोमन काळापासूनचं पाणी वाहतंय. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यासाठी खास बोगदा काढून ते मोठ्या गटाराला जोडलं, त्याआधी खालचा मजला बुडलेलाच राहत असे. एका ठिकाणी तिन्ही काळांच्या भिंती एकमेकींवर चढलेल्या दिसतात. खाली मोठे दगड, वर विटा, त्यावर मिश्र बांधणी. जुन्याला पाया मानून त्यावर चढलेलं काम. ते बघून झाल्यावर मी दुसरं काही बघितलं नाही त्या दिवशी.

सहलीच्या बसने लोक एका सकाळी कोलोसियम, फोरम, पँथिऑन आणि त्रेवीचं कारंजं करतात. माझं ठाम मत आहे की त्यापेक्षा एकच वास्तू घ्यावी आणि तिच्यात दोन तास बसावं, बाहेरून फेरी मारावी, दिसेल तिथे तिच्या विटा जवळून पाहाव्यात. दादा आणि वहिनी पुढच्या वर्षी निघणार आहेत, त्यांना हे माझ्याकडून निक्षून सांगा. त्रेवीला गेलेच, तर नाणं टाकायच्या आधी पाण्याकडे बघा म्हणावं. ते पाणी ज्या कालव्याचं आहे तो इसवी सनापूर्वी १९ मध्ये अग्रिप्पानेच शहरात आणला होता, मध्ये अनेकदा दुरुस्त झाला आणि आजही चालू आहे. त्यालाही कारण तेच, लोकांना पाणी लागत होतं.

आता तुमच्यासाठी प्रश्न, आणि याचं उत्तर मला फोनवर नको, लिहून हवं. त्या घुमटाचं सेंटरिंग कसं केलं असेल? त्याच्या लाकडाचा एक तुकडाही उरलेला नाही, आणि अभ्यासकांत एकमत नाही. काहींचं म्हणणं, जमिनीपासून माथ्यापर्यंत लाकडाचं जंगल उभं केलं असणार. काही म्हणतात, काम कड्याकड्याने वर नेलं असेल, म्हणजे एक गोल कडं पुरं झालं की ते स्वतःला धरतं आणि पुढच्या कड्यापुरताच आधार लागतो. आतल्या १४० खणांचे साचे लाकडाचेच असणार, आणि ते सगळे वर निमुळते होत गेलेले, म्हणजे प्रत्येक ओळीचं माप वेगळं. ते कुणी काढलं असेल, जमिनीवर आखून की वर चढून? आणि असा माल सावकाश धरतो, तर आधार किती महिने ठेवला असेल आणि पहिली फळी कुठून सोडवली असेल, माथ्याच्या कड्यापासून की तळाच्या? तुम्ही कमानी केलेल्या आहेत, घुमटही दोन देवळांचे केलेत. वहीच्या पानावर आकृती काढून पाठवा, मोजमापं मी वर दिलीच आहेत. आणखी काही हवं असेल तर मला विचारा, माझ्याकडे खणांचे जवळून काढलेले बरेच फोटो आहेत.

आईला नमस्कार. गुडघ्याचं तेल संपत आलं असेल तर कळवा.

तुमची लेक